काँगो नदी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आफ्रिकेचा नकाशा फळ्यावर लावला की मुलं आधी नाईल शोधतात. बोट खालून सरळ वर नेलं की काम झालं. काँगोवर बोट ठेवलं की मात्र घोळ होतो. ही बाई आधी उत्तरेला निघते, मग पश्चिमेला वळते, मग नैर्ऋत्येला उतरते आणि शेवटी अटलांटिकला मिळते. वर्गातल्या मुलांनी, त्यांच्या पालकांनी आणि स्पर्धा परीक्षेच्या तयारीतल्या मंडळींनी वेळोवेळी विचारलेले प्रश्न इथे एकत्र केले आहेत. सगळे प्रश्न सारख्या तोलाचे नव्हते, त्यामुळे उत्तरांची लांबीही सारखी नाही.

काँगो नदी नेमकी कुठे आहे आणि केवढी आहे?

मध्य आफ्रिकेत. लांबी सुमारे ४,७०० किलोमीटर, म्हणजे आफ्रिकेत नाईलच्या खालोखाल. खोरं सुमारे ३७ लाख चौरस किलोमीटरचं. आपला अख्खा देश ३३ लाख चौरस किलोमीटरच्या आत आहे, यावरून अंदाज घ्या. या खोऱ्यात नऊ देशांची जमीन येते: दोन्ही काँगो, मध्य आफ्रिकी प्रजासत्ताक, कॅमेरून, अंगोला, झांबिया, टांझानिया, बुरुंडी आणि रवांडा. सर्वांत मोठा वाटा काँगो लोकशाही प्रजासत्ताकाचा, ज्याची राजधानी किन्शासा. पलीकडच्या तीरावरचं धाकटं काँगो प्रजासत्ताक वेगळं, त्याची राजधानी ब्राझाव्हिल. वर्तमानपत्रांतही या दोघांची गल्लत होते, म्हणून राजधानीचं नाव जोडून बोलण्याची पद्धत आहे.

पाणी किती वाहतं? आपल्या हिशेबात सांगा.

सरासरी सेकंदाला ४१,००० घनमीटर. पावसाळ्यात आपण बातम्यांत विसर्गाचे आकडे क्युसेकमध्ये ऐकतो, त्या मापात हे साडेचौदा लाख क्युसेकच्या आसपास जातं. आणि हा काही महापुराचा आकडा नव्हे, ही वर्षभराची सरासरी आहे.

टीएमसीत सांगायचं तर कोयना धरणाची क्षमता १०५ टीएमसी. ते पूर्ण रिकामं असेल तर काँगो ते साधारण वीस तासांत काठोकाठ भरेल. आपल्याकडे ते भरलं का, याची वाट ऑगस्ट-सप्टेंबरपर्यंत बघतात.

जगात यापेक्षा जास्त पाणी फक्त ॲमेझॉनमध्ये. तिथे मात्र तुलना संपते, कारण ॲमेझॉनचा प्रवाह काँगोच्या जवळपास पाचपट आहे.

‘विषुववृत्त दोनदा ओलांडणारी नदी’ हे पाठ आहे. पण त्याने फरक काय पडतो?

हा प्रश्न एका परीक्षार्थीने विचारला होता आणि मला फार आवडला. कर्कवृत्त दोनदा ओलांडणारी मही, मकरवृत्त दोनदा ओलांडणारी लिंपोपो आणि विषुववृत्त दोनदा ओलांडणारी काँगो ही तिकडी सगळे घोकतात. पहिल्या दोघींच्या बाबतीत ती निव्वळ गंमत आहे. काँगोच्या बाबतीत मात्र नदीचा स्वभावच त्यातून कळतो.

किसांगानी शहराच्या परिसरात नदी दक्षिण गोलार्धातून उत्तरेत शिरते, मोठी कमान घेते आणि म्बांडाका शहरापाशी पुन्हा दक्षिणेत उतरते. म्हणजे तिचं खोरं दोन्ही गोलार्धांत पसरलेलं आहे. उष्ण कटिबंधात पाऊस सूर्याच्या मागे मागे फिरतो. उत्तरेकडे पावसाळा असतो तेव्हा दक्षिणेचा भाग कोरडा, आणि दक्षिणेत पाऊस सुरू झाला की उत्तर कोरडी. उत्तरेचं पाणी उबांगी नदी घेऊन येते, दक्षिणेचं कसाई आणि लुआलाबा (काँगोच्याच वरच्या प्रवाहाचं नाव). एक थकली की दुसरी खांदा देते.

परिणाम असा की किन्शासाजवळ नदीला वर्षातून दोनदा भरती येते, मोठी डिसेंबरमध्ये आणि धाकटी मे महिन्यात. सर्वांत कमी पाणी जुलै-ऑगस्टमध्ये, आपल्याकडे नद्या दुथडी भरून वाहतात तेव्हा. पण ‘कमी’ म्हणजेही सेकंदाला २३ हजार घनमीटरच्या आसपास. नोंदलेला सर्वांत मोठा पूर १९६१ च्या डिसेंबरातला, सुमारे ८० हजार घनमीटरचा. म्हणजे तळाचा आणि टोकाचा आकडा यांत साडेतीन पटींचा फरक. नाशिककरांना विचारा: गोदावरीचा पूर दुतोंड्या मारुतीच्या अंगावर पाणी कुठवर चढलं त्यावरून मोजायचा, आणि उन्हाळ्यात त्याच नदीला गंगापूर धरणातून पाणी सोडावं लागतं. तिथे किती पट फरक, हा हिशेब मांडण्यात अर्थच नाही.

उपनद्यांना मात्र हे भाग्य नाही. एकट्या उत्तर गोलार्धातली उबांगी कोरड्या महिन्यांत इतकी उतरते की मध्य आफ्रिकी प्रजासत्ताकाच्या राजधानीपर्यंत, बांगुईपर्यंत, मालाचे तराफे पोहोचत नाहीत.

एवढं घनदाट जंगल म्हणजे पाऊस आपल्या घाटापेक्षा जास्त असणार ना?

नाही! वर्गात हमखास चुकणारा प्रश्न आहे हा. काँगो खोऱ्याच्या मध्यभागी वर्षाला साधारण १,५०० ते २,००० मिलिमीटर पाऊस पडतो. महाबळेश्वरला ५,५०० मिलिमीटरहून जास्त पडतो, आंबोलीचीही तीच तऱ्हा. आपला पाऊस चार महिन्यांत सगळं ओतून मोकळा होतो आणि मग झाडांना आठ महिने तग धरावी लागते. तिथे पावसाचा एकूण आकडा छोटा, पण हप्ता चुकत नाही. सदाहरित वर्षावन वाढतं ते त्या नेमाने येणाऱ्या हप्त्यावर. सह्याद्रीत पाऊस तिप्पट असूनही बराचसा भाग निमसदाहरित आणि पानगळीचा का, याचं उत्तरही यातच आहे.

उगम कुठे?

आपल्याला त्र्यंबकेश्वरचं ब्रह्मगिरी किंवा जुन्या महाबळेश्वरचं गोमुख दाखवायची सवय. काँगोला गोमुख नाही. सर्वांत लांबचा प्रवाह मोजला तर उगम झांबियाच्या ईशान्य भागात, टांगानिका आणि मलावी या सरोवरांमधल्या उंचवट्यावर. तिथे तिचं नाव चांबेशी. ती बांगवेउलूच्या दलदलीत हरवते, लुआपुला म्हणून बाहेर पडते, म्वेरू सरोवरात जाते आणि तिथून लुवुआ म्हणून निघते. ही लुवुआ अंकोरो या गावाजवळ लुआलाबाला मिळते. लुआलाबा स्वतः कातांगाच्या तांब्याच्या पठारावरून आलेली, आणि तिथलं पाणी जास्त. त्यामुळे बरेच जण तिलाच मूळ प्रवाह मानतात. टांगानिका सरोवराचं जादा पाणीही लुकुगा नदीवाटे हिलाच मिळतं.

गंमत म्हणजे १८७१ मध्ये शोधप्रवासी डेव्हिड लिव्हिंगस्टन लुआलाबाच्या काठी न्यांग्वे गावात उभा होता आणि ही नाईलच असावी अशी त्याची समजूत होती. चूक समजण्यासारखी आहे, कारण तिथे नदी सरळ उत्तरेलाच वाहते. हेन्री स्टॅनली १८७४ मध्ये झांझिबारहून निघाला, लुआलाबाच्या प्रवाहाबरोबर खाली गेला आणि ऑगस्ट १८७७ मध्ये अटलांटिकजवळच्या बोमा गावी पोहोचला, तेव्हा युरोपीयांचं हे कोडं सुटलं. काठावर राहणाऱ्यांना असं कोडं कधी पडलेलंच नव्हतं.

नदीचं खोरं ‘परातीसारखं’ आहे असं म्हणतात, ते कसं?

कणीक मळायची परात डोळ्यांपुढे आणा. मधे सपाट, भोवती उंच काठ. पूर्वेला मोठ्या खचदरीचे डोंगर, दक्षिणेला कातांगा आणि अंगोलाची पठारं, उत्तरेला मध्य आफ्रिकेचा उंचवटा, आणि पश्चिमेला, समुद्राच्या बाजूलाही, स्फटिकी खडकांची रांग. चारी बाजूंचं पाणी परातीत उतरतं, मधे रेंगाळतं, आणि पश्चिमेच्या काठाला एकाच ठिकाणी पडलेल्या खाचेतून धडपडत बाहेर पडतं.

सर्वसाधारण नदी डोंगरात अवखळ असते आणि समुद्राजवळ शांत होते, असं आपण शिकतो. काँगो मधे शांत आणि समुद्राजवळ पिसाळलेली. या उलट्या चालीमुळे समुद्रातून आलेलं जहाज दीडशे किलोमीटरही आत जाऊ शकत नाही, आणि आत मात्र उपनद्या धरून हजारो किलोमीटरचा जलमार्ग मोकळा पडलेला असतो. युरोपीय जहाजं १४८२ मध्ये नदीच्या मुखाशी आली, पण नदीचा आतला मार्ग त्यांना कळायला जवळपास चारशे वर्षं लागली. मलेरियाइतकाच या काठाचाही त्यात हात होता.

बोयोमा धबधबा जगात सर्वांत मोठा आहे का?

पाण्याच्या प्रमाणावर क्रम लावणाऱ्या यादीत तो वर असतो. पण जोगसारखा काही बघायला मिळेल म्हणून गेलात तर निराश व्हाल. उबुंडू ते किसांगानी या शंभराहून जास्त किलोमीटरांत सात टप्प्यांनी नदी एकूण साठेक मीटर उतरते. त्याला धबधबा म्हणण्यापेक्षा खळाळ म्हणणं बरं. बोटी तिथे चालत नाहीत, म्हणून बाजूने १२५ किलोमीटरचा मीटरगेज लोहमार्ग टाकला. हा टप्पा ओलांडला की लुआलाबा हे नाव संपतं आणि नदी काँगो होते.

शेवटच्या खळाळात वागेनिया लोकांची मासेमारी पाहण्यासारखी असते. जाड ओंडक्यांच्या तिकाट्या खडकांच्या भेगांत रोवलेल्या असतात आणि जंगली वेलींनी बांधलेल्या. त्यांना माणसाहून उंच, शंकूच्या आकाराच्या टोपल्या लोंबतात, तोंड प्रवाहाकडे. मासा जोरात आत घुसतो आणि पाण्याच्या दाबामुळे त्याला मागे फिरता येत नाही. पाणी चढलं-उतरलं की टोपल्यांची जागा बदलायची, त्यासाठी ही माणसं ओल्या ओंडक्यांवरून अनवाणी चालत जातात, खाली नदी फेसाळत असते. आपल्याकडे ओढ्याला बांबूची खोईण लावतात. तत्त्व तेच, फक्त ओढा सेकंदाला हजारो घनमीटरचा.

किसांगानी ते किन्शासा प्रवास कसा होतो?

सुमारे १,७०० किलोमीटर, आणि एवढ्या अंतरात नदी शंभर मीटरच्या आसपास उतरते. म्हणजे किलोमीटरमागे सहा सेंटिमीटर. पात्र काही ठिकाणी दहा किलोमीटरहून रुंद, त्यात शेकडो बेटं, आणि पुराबरोबर जागा बदलणारे वाळूचे बांध. काल जिथे खोल पाणी होतं तिथे आज बोट रुतते. म्हणून तराफ्याच्या पुढच्या टोकाला दोन माणसं लांब काठ्या घेऊन उभी असतात. काठी बुडवायची, खोली बघायची, ओरडून सांगायची.

एका इंजिनबोटीला पुढे चार-सहा सपाट तराफे बांधलेले, आणि त्यांवर मक्याची पोती, पाम तेलाचे डबे, शेळ्या, धुरी दिलेले मासे, चुली, झोपलेली मुलं. वाटेतल्या गावांतून होड्या, म्हणजे एकाच ओंडक्यातून कोरलेल्या पिरोग, वल्हवत येतात आणि चालत्या बोटीला चिकटतात. मासे देऊन साबण, मीठ, कपडे घ्यायचे. घड्याळ इथे कामाचं नाही. बिघाड झाला, रुतली, माल भरला की आठवडे जातात. खोऱ्याच्या या भागात डांबरी रस्ते नगण्य, त्यामुळे नदी हाच हमरस्ता आणि हाच बाजार. लिंगाला भाषा पसरली तीही या व्यापाराबरोबर, काठाकाठाने.

आणखी एक ओळखीची गोष्ट तिथे भेटते: जलपर्णी. मुळा-मुठेत आणि पंचगंगेत जी माजते तीच. मूळची दक्षिण अमेरिकेची ही वनस्पती १९५० च्या दशकात काँगोत पसरली आणि अजून तिचे हिरवे ताटवे प्रवाहाबरोबर तरंगत जातात.

किन्शासा आणि ब्राझाव्हिल समोरासमोर आहेत, मग पूल का नाही?

पूल बांधायची चर्चा अनेक वर्षांची आहे, पूल नाही. नदी इथे आधी मालेबो नावाच्या विस्तारात पसरते, जवळपास ३५ किलोमीटर लांब आणि २३ किलोमीटर रुंद, मधे म्बामू बेट. त्याच्या खालच्या टोकाला दोन राजधान्या. पात्र चार-एक किलोमीटर, एका काठावरून दुसऱ्या राजधानीच्या इमारती दिसतात. रोम आणि व्हॅटिकन सोडले तर एकमेकींच्या इतक्या जवळ असलेल्या राजधान्या जगात नाहीत. ये-जा बोटीने किंवा विमानाने.

मुख्य प्रवाहावरचा मोठा पूल थेट खाली माताडीला आहे. १९८३ मध्ये जपानी कंपन्यांनी बांधलेला झुलता पूल, मधला गाळा ५२० मीटरचा.

माताडी आणि आपले माथाडी यांचा काही संबंध?

शब्दाचा नाही. किकोंगो भाषेत माताडी म्हणजे दगड, आणि बंदर खरोखरच खडकावर बसलेलं आहे. पण योगायोग असा की या गावाचा इतिहास डोक्यावरच्या ओझ्याचाच आहे.

किन्शासाच्या खाली लिव्हिंगस्टन धबधबे सुरू होतात. साडेतीनशे किलोमीटरांत बत्तीस मोठे खळाळ आणि एकूण २७० मीटर उतार. परातीची खाच ती हीच. (लिव्हिंगस्टन स्वतः इथे कधी आला नव्हता, नाव स्टॅनलीने दिलं.) बोट चालवायचा प्रश्नच नाही, म्हणून माल माताडीला उतरवायचा आणि हमालांच्या डोक्यावर डोंगरांतून किन्शासाला न्यायचा, साधारण तीन आठवडे. वरच्या नदीत चालवायच्या आगबोटीसुद्धा सुट्या करून, तुकड्यातुकड्यांनी, माणसांच्या डोक्यावरून गेल्या. १८९० ते १८९८ या काळात ३६६ किलोमीटरचा लोहमार्ग बांधला गेला. अधिकृत नोंदींतच १,९०० हून अधिक मृत्यू आहेत, त्यांतले बहुतेक आफ्रिकी मजूर. पुढे त्याच मार्गाने आतलं रबर आणि हस्तिदंत बाहेर गेलं. १८८५ ते १९०८ हा सारा मुलुख बेल्जियमचा राजा दुसरा लिओपोल्ड याची खासगी मालमत्ता होता आणि रबराचा कोटा भरला नाही म्हणून माणसांचे हात तोडले जात. भूगोलाच्या तासाला हे सांगू नये असं काही पालकांना वाटतं. मला वाटतं, लोहमार्ग का बांधला हे सांगायचं तर त्यावरून काय गेलं हेही सांगायलाच हवं.

सर्वांत खोल नदी हीच का?

हो. लिव्हिंगस्टन धबधब्यांच्या पट्ट्यात, अरुंद घळीत, २२० मीटरहून जास्त खोली मोजली गेली आहे. तिथल्या कोळ्यांना अधूनमधून एक पांढुरका, डोळे नसलेला मासा सापडायचा, बहुधा मेलेला किंवा मरणासन्न. लॅम्प्रोलोगस लेथॉप्स हे त्याचं शास्त्रीय नाव. न्यूयॉर्कच्या अमेरिकन म्युझियम ऑफ नॅचरल हिस्टरीतल्या मेलनी स्टियास्नी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तपासलं तेव्हा माशाच्या अंगात वायूचे बुडबुडे दिसले. खोल पाण्यातून पाणबुड्या झपकन वर आला तर होतो तोच विकार. म्हणजे हा मासा गुहेतला नसून अंधाऱ्या तळाचा रहिवासी, आणि एखादा उसळता प्रवाह त्याला वर फेकतो. नदीच्या तळाशी कायमचा अंधार असू शकतो, ही कल्पना मला तरी आकड्यापेक्षा जास्त पटवून देते.

एवढी मोठी नदी, मग त्रिभुज प्रदेश का नाही?

दोन कारणं. एक, गाळ कमी. मधली सपाट परात बराचसा गाळ आधीच धरून ठेवते आणि जंगल मातीला सोडत नाही. दुसरं कारण मोठं आहे: नदीच्या मुखातच, समुद्रापासून तीसेक किलोमीटर आत, पाण्याखालची एक दरी सुरू होते. मुखाशीच तळ शेकडो मीटर खाली जातो. जो गाळ येतो तो काठाशी साचायच्या आत या दरीत घरंगळतो आणि भर समुद्रात जाऊन पसरतो. त्रिभुज प्रदेश आहे म्हणायचा तर तो अटलांटिकच्या तळाशी.

याचा हिसका जानेवारी २०२० मध्ये बसला. २०१९ च्या अखेरीला नदीला मोठा पूर आला होता. त्यानंतर दरीतला गाळ सुटला आणि चिखलाचा लोंढा समुद्राच्या तळाने ११०० किलोमीटरहून दूर गेला. वाटेत त्याने इंटरनेटच्या दोन केबली तोडल्या आणि दक्षिण व पश्चिम आफ्रिकेत इंटरनेट मंदावलं.

पाणी काळं का दिसतं? घाण आहे का?

चहा उकळला की पाणी काळपट होतं, तसंच. कुजणाऱ्या पानांचा अर्क. म्बांडाकाजवळ मिळणारी रुकी नदी जगातल्या सर्वांत गडद नद्यांमध्ये मोडते. एका सरोवराचं तर नावच माई न्डोम्बे, म्हणजे काळं पाणी. (अंदमानवाल्या काळ्या पाण्याशी गल्लत नको.)

या भागात जमिनीखाली पीट आहे, अर्धवट कुजलेल्या वनस्पतींचा थर. पाण्यात बुडालेला असल्यामुळे तो पूर्ण कुजत नाही आणि त्यातला कार्बन अडकून राहतो. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात याचं क्षेत्र सुमारे १,४५,५०० चौरस किलोमीटर आणि त्यातला कार्बन सुमारे ३० अब्ज टन मांडला गेला. हा उष्ण कटिबंधातला सर्वांत मोठा पीट-प्रदेश, आणि तो नकाशावर यायला एकविसावं शतक उजाडावं लागलं. पाणी निचरलं तर हाच थर कुजू लागेल, जळूही शकेल.

नदीमुळे प्राणी वेगळे झाले हे खरं का?

बोनोबो (चिंपँझीचा जवळचा नातलग) आणि चिंपँझी हे ठळक उदाहरण. चिंपँझी नदीच्या उत्तरेला आणि पूर्वेला, बोनोबो फक्त डाव्या तीरावर, कमानीच्या आत. दोघांनाही पोहता येत नाही. पाणी कधीच पुरेसं आटत नाही, त्यामुळे पिढ्यान्‌पिढ्या गाठ पडली नाही.

आणि मोराची गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. अमेरिकन पक्षितज्ज्ञ जेम्स चॅपिन यांना १९१३ मध्ये काँगोत एका स्थानिकाच्या टोपीत खोवलेलं अनोळखी पीस मिळालं. पक्षी कुठला ते काही कळेना. १९३६ मध्ये बेल्जियमच्या टेर्व्हुरेन संग्रहालयात त्यांना पेंढा भरलेले दोन धूळ खाणारे पक्षी दिसले, पिसं तशीच. चिठ्ठीवर लिहिलं होतं, भारतीय मोराची पिल्लं! तो होता काँगो मोर, आफ्रिकेतला एकमेव मोर.

इंगा धरणाची एवढी चर्चा का?

माताडीच्या वरच्या अंगाला इंगाजवळ नदी छोट्याशा वळणात शंभर मीटरच्या आसपास उतरते. शाळेतलं सूत्र वापरा: सेकंदाला ४१ हजार घनमीटर पाणी, शंभर मीटर उतार, गुणिले ९.८. उत्तर साधारण ४०,००० मेगावॅट. चीनच्या थ्री गॉर्जेसची क्षमता २२,५०० आहे. आणि काँगो आटत नाही, त्यामुळे पाणी साठवायला अवाढव्य जलाशयाचीही गरज कमी.

प्रत्यक्षात काय आहे? १९७२ चं इंगा-१ (३५१ मेगावॅट) आणि १९८२ चं इंगा-२ (१,४२४ मेगावॅट). बेरीज १,७७५, म्हणजे आपल्या कोयनेच्या १,९६० पेक्षा कमी. त्यातली वीज १,७०० किलोमीटरच्या तारेने कातांगाच्या तांब्याच्या खाणींकडे नेली. तारेखालच्या गावांत मात्र चिमणीच.

झाईर म्हणजे काय?

तीच नदी. किकोंगोतला न्झादी किंवा न्झेरे, म्हणजे ‘मोठी नदी’, पोर्तुगिजांच्या तोंडी झाईर झाला. तेव्हाचा हुकूमशहा मोबुटू याने १९७१ मध्ये देश आणि नदी दोन्हींचं नाव झाईर केलं, १९९७ मध्ये ते परत काँगो झालं. जुन्या ॲटलासमध्ये लिओपोल्डव्हिल दिसलं तर ते किन्शासा, स्टॅनलीव्हिल म्हणजे किसांगानी.

आपला काही संबंध आहे का या नदीशी?

दोन सापडतात. पहिला गोव्यामार्गे. पोर्तुगीज दर्यावर्दी दियोगो काँव १४८२ च्या मोहिमेत काँगोच्या मुखाशी आला आणि त्याने तिथे दगडी खांब रोवला. त्याच वाटेने आणखी खाली सरकत सरकत पोर्तुगीज १४९८ मध्ये कोझिकोडला आणि १५१० मध्ये गोव्यात पोहोचले.

दुसरा आपल्या उपवासाच्या ताटात आहे. पोर्तुगिजांनी ब्राझीलहून कसावा हा कंद काँगोत नेला. आज तिथलं मुख्य अन्न तेच. कंद काही दिवस पाण्यात भिजत घालतात, कारण त्यात विषारी द्रव्य असतं, मग कुटून, पानांत घट्ट गुंडाळून वाफवतात. त्याला चिक्वांग म्हणतात. प्रवासात चार-पाच दिवस टिकतो, म्हणून बोटीवर हमखास. आपला साबुदाणा, तमिळनाडूत सेलमकडे बनणारा, याच कंदाच्या स्टार्चचा. एकादशीची खिचडी आणि काँगोतल्या बोटीवरची शिदोरी ही एकाच झाडाची.

जंगल टिकून आहे का?

ॲमेझॉनच्या मानाने जास्त टिकलंय, पण कमी होतंय. मोठं कारण छोटी फिरती शेती आणि शहरांसाठीचा कोळसा. किन्शासाची वस्ती दीड कोटीच्या पुढे, घराघरांत ‘मकाला’, म्हणजे लाकडी कोळशावर स्वयंपाक. विजेचं उत्तर वर इंगात पाहिलंच.

जाऊन पाहता येतं का?

येतं, पण हौशी सहलीसारखं नाही. मुंबईहून आदिस अबाबामार्गे किन्शासा गाठता येतं. पीतज्वराची लस सक्तीची, आणि तिचं पिवळं कार्ड परत येतानाही जपून ठेवा, आपल्याकडे उतरल्यावर मागतात. पूर्व भागात संघर्ष आहे, तिकडचा बेत ताज्या सूचना वाचून ठरवा.

घरबसल्या उपग्रह नकाशात काय बघू?

आधी म्बांडाका शोधा आणि झूम करून नदीतली बेटं मोजायचा प्रयत्न करा, सोडून द्याल. मग रुकीचा संगम: दोन रंगांचं पाणी बराच वेळ शेजारी शेजारी वाहताना दिसतं. तिथून खाली मालेबोपर्यंत या. किन्शासाच्या पश्चिम टोकाला पाणी एकदम पांढरं होतं, तो पहिला खळाळ. पुढे इंगाचं वळण, माताडीचा पूल, बोमा, आणि शेवटी मुखाशी वाळूच्या दांड्यावरचं बंदर. त्याचं नाव बनाना. मुलांना सांगितलं तर विश्वास ठेवत नाहीत, टाइप करून बघतात.